झटपट जेवण देशोदेशी वेगळं का? एक पार्श्वभूमी

प्राचीन रोममधला सामान्य माणूस भाड्याच्या बहुमजली इमारतीत राहायचा. माळे लाकडी, खोल्या दाटीच्या, पाणी खालून वाहून न्यायचं. वरच्या मजल्यांवर वेगळं स्वयंपाकघर जवळजवळ नसायचंच, आणि एका घरातली ठिणगी अख्खी इमारत घेऊन जायची. त्यामुळे पोट भरायला लोक रस्त्यावर उतरायचे. तिथे दगडी ओट्यात मोठाले रांजण बसवलेली खाण्याची दुकानं असत. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई शहरातली अशी कितीतरी दुकानं राखेखाली जशीच्या तशी राहिली. त्यांतल्या एका दुकानाचं उत्खनन पूर्ण झाल्याचं २०२०च्या डिसेंबरात जाहीर झालं. ओट्याच्या दर्शनी बाजूला बदकं आणि कोंबडा रंगवलेला होता. रांजणांत बदक, बकरा, डुक्कर, मासे, गोगलगायी यांचे अवशेष सापडले.

घराबाहेर शिजलेलं, स्वस्त आणि उभ्याउभ्या खाता येणारं अन्न ही विसाव्या शतकातल्या अमेरिकेची युक्ती नव्हे, एवढं यावरून स्पष्ट व्हावं. अमेरिकेने त्याचा कारखाना केला, ही गोष्ट वेगळी. त्या-त्या शहरात नेमकं काय कमी होतं यावर झटपट जेवणाचं रूप ठरत गेलं: कुठे चूल नव्हती, कुठे वेळ नव्हता, कुठे जळण, तर कुठे रांधणारं माणूस. पुढे यात सरकारं उतरली आणि फरक आणखी वाढले. चवींच्या फरकाबद्दल भरपूर लिहिलं जातं. मला मात्र ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण खाणाऱ्याच्या प्रकृतीचं बरंवाईट तिथे ठरतं.

एदो शहराचं, म्हणजे आजच्या टोकियोचं उदाहरण घेऊ. १६५७च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. ते पुन्हा उभं करायला सुतार, गवंडी, मजूर लोटले, आणि त्यांत एकट्या पुरुषांचा भरणा होता. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या पुढे गेली. लाकूड आणि कागदाच्या या शहरात घरात तेलाची कढई तापवणं म्हणजे संकटाला आमंत्रण, म्हणून तेंपुरा, म्हणजे पिठात घोळवलेले मासे आणि भाज्या, उघड्यावरच्या ठेल्यांवर तळला जाऊ लागला. सुशीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जुनी सुशी म्हणजे भातात दाबून महिनोन्महिने आंबवलेला मासा. एदोत तेवढा वेळ कोणाला होता? १८२०च्या दशकात व्हिनेगर लावलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून ती क्षणात हातावर द्यायची पद्धत रूढ झाली. आज जगभर ऐटीत खाल्ली जाणारी सुशी मूळची घाईतल्या कष्टकऱ्यांची.

इंग्लंडमध्ये हेच काम तळलेला मासा आणि बटाट्याने केलं. १८६०च्या आसपास लंडनमध्ये आणि लँकेशायरच्या गिरणपट्ट्यात अशी दुकानं निघाली. घरातल्या बायकाही गिरणीत जात, संध्याकाळी चूल पेटवायला अंगात त्राण नसे. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटींमुळे मासा स्वस्त झाला आणि रेल्वेमुळे तो आतल्या गावांत ताजा पोचू लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अनेक खाद्यपदार्थांवर रेशन लावलं, पण या जोडीला हात लावला नाही. कामगाराचं रात्रीचं जेवण तोडलं तर युद्धाचं काम अडेल, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

आता अमेरिका. १९२१मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरात व्हाइट कॅसल सुरू झालं. पाच सेंटला एक छोटा हॅम्बर्गर. तेव्हा खिम्याकडे लोक संशयानेच बघत, म्हणून दुकान पांढरंशुभ्र ठेवलं आणि ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मांस भाजलं. खरी कलाटणी मिळाली ती कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांनी १९४०मध्ये गाडीत बसून खायचं हॉटेल काढलं होतं. ते चांगलं चालत असताना १९४८मध्ये त्यांनी काही महिने बंद ठेवलं. पदार्थांची लांबलचक यादी नऊवर आणली. गाडीपर्यंत ताट नेणाऱ्या मुली काढल्या, काचेची भांडी आणि काटे-चमचे काढले, सगळं कागदात गुंडाळलं. नव्या भटारखान्याचा आराखडा त्यांनी घरच्या टेनिस कोर्टवर खडूने खऱ्या मापात आखला आणि कर्मचाऱ्यांना त्या रेघांमध्ये लटुपुटीचे बर्गर बनवायला लावलं. कोण कुठे वळतो, कोणाचा कोणाला धक्का लागतो, हे बघून रेघा पुसायच्या आणि पुन्हा आखायच्या. कसबी आचारी नसला तरी चालेल अशी रचना त्यातून निघाली. बर्गर पंधरा सेंटला झाला.

ही रचना रे क्रॉक या व्यावसायिकाने १९५५पासून देशभर नेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत महामार्गांच्या जाळ्याचा कायदा झाला. शहराबाहेर वस्त्या, प्रत्येक घरापुढे गाडी, महामार्गाच्या प्रत्येक फाट्यावर तीच पाटी आणि तीच चव. अमेरिकन फास्ट फूडचा सांगाडा मोटारीवर उभा आहे, हे लक्षात घेतलं की बाकीच्या जगात ते गेल्यावर का बदललं ते कळायला सोपं जातं. रोम किंवा टोकियोत त्याला पायी चालणाऱ्यांच्या गर्दीत जागा शोधावी लागली.

जपानची वाट तर पूर्ण वेगळी, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यांत शिकण्यासारखी. युद्धानंतर तिथे उपासमार होती. मदत म्हणून अमेरिकेतून गहू येत होता. ओसाकाजवळच्या इकेडा गावात मोमोफुकू आंदो हे गृहस्थ घरामागच्या झोपडीत नूडल्स टिकवायची पद्धत शोधत होते. उकडलेल्या नूडल्स गरम तेलात सोडल्या की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि पिठात बारीक छिद्रं राहतात. नंतर उकळतं पाणी ओतलं की ते त्याच छिद्रांतून आत शिरतं आणि नूडल्स मिनिटांत मऊ होतात. २५ ऑगस्ट १९५८ला ‘चिकन रामेन’ बाजारात आलं, आणि सुरुवातीला ते ताज्या नूडल्सपेक्षा कितीतरी महाग होतं. १९७१मध्ये आंदोंनी तेच पेल्यात आणलं. पेला वर रुंद, खाली निमुळता, आणि नूडल्सची वडी तळाशी न टेकता मध्येच अडकलेली. त्यामुळे प्रवासात ती हलत नाही, तुटत नाही, आणि पाणी खालूनही लागून सगळीकडे सारखी शिजते. १९७२च्या फेब्रुवारीत एका डोंगरातल्या बंगल्यात सशस्त्र गटाने एका बाईला ओलीस धरलं, तेव्हा वेढा घातलेले पोलीस बर्फात वाफाळते पेले हातात धरून खाताना टीव्हीवर थेट दिसले. त्यानंतर पेल्यातल्या नूडल्सना वेगळ्या जाहिरातीची गरज उरली नाही. आज इन्स्टंट नूडल्सची वर्षाला शंभर अब्जांहून अधिक पाकिटं आणि पेले जगभर खपतात.

जपानमध्ये दुसरं घडलं ते किरकोळ दुकानदारीत. छोट्या व्यापाऱ्यांना जपण्यासाठी १९७३मध्ये मोठ्या दुकानांवर बंधनं घालणारा कायदा झाला. मग कंपन्यांनी कायद्याच्या मर्यादेखालची छोटी, पण उशिरापर्यंत उघडी दुकानं काढायला सुरुवात केली. १९७४मध्ये टोकियोच्या तोयोसू भागात सेव्हन-इलेव्हन उघडलं. नाव अमेरिकन, पण दुकानात पुढे भाताचे त्रिकोणी मुटके आले. त्यात एक अडचण होती. मुटक्याभोवतीचं समुद्री शेवाळाचं पान भाताला लागून राहिलं की ओलसर होऊन चिवट बनतं. त्यावर प्लास्टिकचं दुहेरी वेष्टन निघालं. भात आणि पान यांच्यामध्ये एक पातळ पडदा. मधली पट्टी ओढायची, मग दोन्ही कोपरे बाजूला खेचायचे, की पडदा निघून जातो आणि कुरकुरीत पान खाण्याच्या क्षणीच भाताला भेटतं. अशी पन्नास हजारांहून जास्त दुकानं आज जपानभर आहेत आणि त्यांत माल दिवसातून अनेकदा येतो. त्यामुळे तिथलं तयार जेवण ताजं, लहान आणि भातावर आधारलेलं राहिलं.

अमेरिकेत तयार जेवण म्हणजे बराच काळ गोठवलेलं जेवण. स्वॉन्सन कंपनीचं ॲल्युमिनियमच्या ताटातलं टर्कीचं जेवण १९५४मध्ये एका कोटीच्या घरात खपलं. अंतरं लांब, घराघरांत फ्रीझर, आठवड्याची खरेदी एकदम, असा तो मेळ होता. ब्रिटनमध्ये अंतरं कमी आणि मोठ्या साखळी दुकानांचा पुरवठ्यावर ताबा. त्यामुळे तिथे न गोठवता नुसतं थंड ठेवलेलं, चार-सहा दिवसांत खायचं जेवण वाढलं. मार्क्स अँड स्पेन्सरने १९७९मध्ये तयार चिकन कीव्ह, म्हणजे आत लोणी भरलेली कोंबडी, आणलं आणि पुढच्या वर्षी त्रिकोणी खोक्यातली सँडविचं. या दोन गोष्टींनी ब्रिटिश संध्याकाळ आणि ब्रिटिश दुपार कायमची बदलली, असं म्हणायला हरकत नाही.

जर्मनीत तुर्कस्तानशी झालेल्या १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार आले. १९७३मध्ये परदेशी कामगारांची भरती बंद झाली, कारखान्यांतल्या नोकऱ्या आटल्या, आणि अनेकांनी पोटासाठी छोटी दुकानं टाकली. उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा, पावात भरलेला दोनर कबाब आज जर्मनांना आपलाच वाटतो. नेदरलँड्समध्ये भिंतीतल्या खणात नाणं टाकून गरम क्रोकेट, म्हणजे मऊ सारणाचे तळलेले रोल, काढतात. ही यंत्रं १८९५मध्ये बर्लिनमध्ये निघाली, अमेरिकेत गाजली आणि तिथून नाहीशी झाली, पण डच शहरांत तगली.

जपानी माणसं नाताळाला केएफसीची कोंबडी खातात, १९७४च्या एका जाहिरात मोहिमेमुळे. फिलिपिन्समध्ये जॉलिबी ही तिथलीच साखळी गोड सॉसची स्पॅगेटी विकून मॅकडोनल्ड्सच्या पुढे राहिली. हे सगळं खरं आणि मजेचं आहे, पण तपशील वरवरचा आहे. सिंगापूरने काय केलं ते पाहिलं तर जास्त हाती लागतं. तिथे १९६०च्या दशकाच्या शेवटी रस्त्यावरच्या हजारो विक्रेत्यांची नोंदणी झाली. त्यांना हुसकावून लावण्याऐवजी १९७१ ते १९८६ या काळात सरकारने नळ, मोऱ्या आणि ओटे असलेली छपरं बांधून त्यांना तिथे हलवलं. कमी भाडं, एकेका पदार्थाचा एकेक गाळा, शेजारी घरकुल योजनेच्या इमारती. म्हणून सिंगापूरचं रोजचं झटपट जेवण आजही माणसाच्या हातचं आहे. डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. विक्रेते मात्र म्हातारे होत चालले आहेत आणि पहाटे उठून दिवसभर चुलीपुढे उभं राहायला तरुण तयार नाहीत. ही चिंता खरी आहे.

राज्यकर्त्यांचा हात सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो तेलात आणि मिठात. डेन्मार्कने २००३मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅटवर, म्हणजे कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीवर, बंधन घातलं: शंभर ग्रॅम चरबीत दोन ग्रॅमच्या वर नाही. त्यानंतर डॅनिश डॉक्टर स्टीन स्टेंडर आणि सहकाऱ्यांनी २००४-०५मध्ये अनेक देशांत मॅकडोनल्ड्सचे मोठे फ्राइज आणि चिकन नगेट्स विकत घेऊन तपासले. पाटी तीच, खोकं तेच, वजन तेच. न्यूयॉर्कच्या जेवणात दहा ग्रॅमहून जास्त ट्रान्स फॅट निघालं, डेन्मार्कच्या जेवणात एक ग्रॅमही नाही. हृदयविकाराचा धोका वाढवणारा हा घटक चवीसाठी लागतच नव्हता. डॅनिश ग्राहकाने कधी तक्रार केली नाही, कारण त्याला फरक कळलाच नाही. २०१२मधल्या सहा देशांच्या एका तुलनेत मिठाचंही तसंच दिसलं. त्याच नगेट्समध्ये अमेरिकेत शंभर ग्रॅममागे सुमारे १.६ ग्रॅम मीठ, तर ब्रिटनमध्ये ०.६, कारण ब्रिटनने काही वर्षांपासून कंपन्यांपुढे मीठ कमी करण्याची लक्ष्यं ठेवली होती.

इथे कंपन्यांचा एक जुना युक्तिवाद कोसळतो. लोकांना हेच हवं असतं आणि दुसरं काही बनवणं परवडत नाही, असं त्या सांगतात. समुद्रापलीकडे त्याच कंपनीने ते बनवून दाखवलेलं असतं.

ब्राझीलमध्ये संशोधक कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने २००९च्या सुमारास अन्नाची वर्गवारी त्यातल्या पोषकद्रव्यांऐवजी प्रक्रियेवर मांडली, आणि अतिप्रक्रियित अन्न, म्हणजे कारखान्यात बऱ्याच प्रक्रियांतून बनलेलं अन्न, हा वर्ग चर्चेत आला. ब्राझीलच्या २०१४च्या आहार मार्गदर्शिकेत असं अन्न टाळा आणि शक्यतो सोबत बसून जेवा, असं सरळ सांगितलं आहे. चिलीने २०१६मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर इशारा देणारे काळे अष्टकोन सक्तीचे केले, शाळांत त्यांची विक्री थांबवली आणि खोक्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली. २०२०मध्ये मेक्सिकोने तसलेच अष्टकोन आणले. दोन्ही देशांत कंपन्यांनी कडाडून विरोध केला, तरी पाकिटं बदलली. अनेक कंपन्यांनी अष्टकोन चुकवण्यासाठी साखर आणि मीठ मुकाट्याने कमीही केलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅट जगातून हद्दपार करण्याचं आवाहन केलं. अमेरिकेतही त्याच वर्षी त्याच्या मुख्य स्रोतावर, म्हणजे अंशतः हायड्रोजन जोडलेल्या तेलांवर, बंदी लागू झाली. २०२३च्या अखेरपर्यंत ५३ देशांत संघटनेला अपेक्षित असलेले नियम आले, म्हणजे जगातले सुमारे ४६ टक्के लोक त्यांच्या कक्षेत आले. उरलेल्यांच्या ताटातलं तेल मात्र अजून विकणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि डेन्मार्कचा दाखला त्यांच्या सरकारांसमोर वीस वर्षांहून अधिक काळ उघडा पडलेला आहे.