हाड वाढतं ते टोकाला

जून संपता संपता वहिनीचा फोन आला. "ताई, शाळेत प्रार्थनेच्या रांगेत हा पहिलाच उभा असतो. गेल्या वर्षीही पहिलाच होता. मुलं छोटू म्हणतात त्याला. उंची खुंटली तर नसेल ना?" भाचा सात वर्षांचा. बोलता बोलता कळलं की घरात उपाय सुरूही झालेत. चॉकलेटच्या चवीची ‘उंची वाढवणारी’ पावडर आणली आहे, रोज संध्याकाळी त्याला दांडीला लोंबकळायला लावतात, आणि आजीचं म्हणणं असं की झोपलेल्या पोराला कुणीतरी ओलांडलं आणि परत उलटं ओलांडलं नाही, म्हणून वाढ अडली.

मी उंची विचारली. ११४ सेंटिमीटर. "आणि गेल्या वर्षी?" ते तिला सांगता येईना. मग आठवलं की दादा दर वाढदिवसाला स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. टेप लावून तिने वाचून दाखवलं: पाचव्या वाढदिवसाची १०३, सहाव्याची १०८.५, सातव्याची ११४. माझा जीव भांड्यात पडला, तिचा मात्र पडला नाही. ती ११४ या आकड्याकडे बघत होती आणि मी दोन रेघांमधल्या साडेपाच सेंटिमीटरकडे. हे अंतर इतकं बोलकं का, ते कळायला हाड लांब कसं होतं ते पाहावं लागतं. मी जीवशास्त्र शिकवते, आणि शरीरातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट कोणती असं विचारलंत तर ती हीच आहे.

हाड रबरासारखं सगळीकडून ताणलं जात असेल, असं बहुतेकांना वाटतं. लोंबकळण्याचा उपाय त्याच समजुतीतून येतो. ही समजूत खोटी ठरून जवळजवळ ३०० वर्षं झाली. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे पाद्री वेलीच्या कोवळ्या फांद्यांवर ठिपके काढून फांदी नेमकी कुठे लांबते ते पाहत असत. तोच प्रश्न त्यांनी हाडाला विचारला. कोंबडीच्या जिवंत पिल्लाच्या पायातल्या दोन इंच लांबीच्या हाडावर अर्ध्या इंचाच्या अंतराने टोकदार सळईने दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी पाहिलं तर हाड एक इंचाने वाढलेलं, पण दोन भोकांमधलं अंतर होतं तेवढंच, अर्धा इंच. १७२७ साली त्यांनी हे छापलं. म्हणजे मधला दांडा जसाच्या तसा राहतो आणि भर पडते ती टोकांना.

घरी चिकन होत असेल तर लेगपीसचं टोक नीट बघा. त्यावर पांढरी, कुरकुरीत टोपी असते. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची वाढ चालू असते, म्हणून ती टोपी हाडाची नसून कूर्चेची असते. कानाचा वरचा भाग चिमटीत धरून दुमडलात तर बोटांना जी लवचीक गोष्ट लागते, ती कूर्चा. आपल्या मुलांच्या मांडीच्या, पोटरीच्या, हाताच्या लांब हाडांत टोकाजवळ या कूर्चेची एक पातळ चकती असते, काही मिलिमीटर जाडीची. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. मुलाचा पाय लांब होतो तो या पट्ट्यांमुळे. गुडघ्याच्या वरची, मांडीच्या हाडातली पट्टी वर्षाला साधारण ९ मिलिमीटर भर घालते आणि गुडघ्याखालची ६. वरचीचा हिशोब रोजचा केला तर जेमतेम २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. वहिनीच्या चौकटीवरची रेघ अशा रोजच्या भरीने वर सरकली आहे.

आता पट्टीच्या आत जाऊ. सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मान वर करायला विसरले होते. वरच्या थरात पेशी विखुरलेल्या, शांत बसलेल्या असतात. ही ठेव. त्यातली एखादी पेशी जागी होते आणि विभागायला लागते. तिच्या लेकी एकीखाली एक अशा रचत जातात, हुबेहूब नाण्यांच्या चळतीसारख्या. शेजारी शेजारी शेकडो चळती. चळतीच्या तळाशी पोचलेली पेशी विभागणं थांबवते आणि फुगायला लागते. चपटं नाणं फुगून लाडू व्हावा तसं, तिची उंची कित्येक पटींनी वाढते. भोवतीच्या कूर्चेत कॅल्शियम साचतं, खालून बारीक रक्तवाहिन्या घुसतात, फुगलेल्या पेशींपैकी बऱ्याच मरतात, काही स्वतःच हाडाच्या पेशी बनतात, आणि त्या जागी नवं हाड बसतं. नव्या विभाजनांमुळे पट्टी वर सरकत राहते आणि तिच्यामागे हाड तयार होत जातं.

उंचीतली मोठी भर या फुगण्यातून येते. विभाजनाने नाणी मिळतात, पण लांबी मिळते ती त्यांचे लाडू झाल्यावर. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं एक काम मला फार आवडतं. जर्बोआ हा वाळवंटातला उंदरासारखा प्राणी, मागचे पाय लांबच लांब, उड्या मारत पळतो. त्याच्या आणि साध्या उंदराच्या पेशी मोजल्या तेव्हा दिसलं की फुगण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात पाणी आणि प्रथिनं बरोबरीने वाढतात, दुसऱ्यात नुसतं पाणी भरून पेशी पातळ होते, तिसऱ्यात पुन्हा दोन्ही वाढतात. जलद वाढणाऱ्या हाडात तिसरा टप्पा लांबतो, आणि त्याला आयजीएफ-१ हे संप्रेरक लागतं.

मग पेशीला कसं कळतं की आता विभागणं पुरे, फुगायला लाग? इथे दोन प्रथिनांचा संवाद चालतो. फुगायला निघालेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचं प्रथिन सोडतात. (हे नाव साळिंदरासारख्या काट्यांच्या एका छोट्या प्राण्यावरून आलं. या कुळातलं जनुक बिघडलं की फळमाशीच्या अळीवर काटे उगवतात, म्हणून कुळाचं नाव हेजहॉग.) ते वरच्या थरापर्यंत जातं. वरचा थर उत्तरादाखल पीटीएचआरपी हे दुसरं प्रथिन सोडतो आणि ते खाली झिरपत येतं. जिथवर ते पोचतं तिथवरच्या पेशी फुगत नाहीत, विभागत राहतात. त्याची हद्द संपली की फुगणं सुरू. फार पेशी एकदम फुगायला निघाल्या तर हेजहॉग वाढतं, त्याने पीटीएचआरपी वाढतं आणि घाईला लगाम बसतो. पट्टीची जाडी अशी आपोआप राखली जाते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुष ग्रंथीतून येणारं वाढीचं संप्रेरक, थायरॉइडचं संप्रेरक, पोटात गेलेलं अन्न, अंगातला ताप किंवा जुनाट सूज, या सगळ्यांचे हुकूम शेवटी याच चळतींवर उतरतात. म्हणून शरीरात कुठेही दीर्घकाळ काही बिनसलं की उंचीचा वेग मंदावतो. कधी कधी तर आजाराचं दुसरं एकही लक्षण दिसायच्या आत.

पट्टी कायमची नसते. वरच्या थरातली ठेव संपत जाते आणि वयात आल्यावर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक, हा शेवट जवळ आणतं. मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनच, हे कळलं १९९४ साली. २८ वर्षांच्या एका पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन ओळखणारं प्रथिनच बिघडलेलं होतं. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, तो अजून वाढत होता, आणि त्याच्या हाडांचं वय १५ वर्षांच्या मुलाइतकं होतं. पट्टी एकदा मिटून हाड झाली की तिथे चळतीच उरत नाहीत. विशीतल्या मुलांना ‘उंची वाढवा’ म्हणून गोळ्या विकणारे लोक नसलेल्या कारखान्याला कच्चा माल विकत असतात. ही सरळ फसवणूक आहे.

लोंबकळल्याने मणक्यांमधल्या चकत्या थोड्या मोकळ्या होतात, तेवढंच. रात्रभर झोपल्यावरही त्या मोकळ्या होतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. भाच्याला मजा येत असेल तर लोंबकळू दे, पण उंचीसाठी त्याहून झोप मोलाची. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत मोठ्या प्रमाणात सुटतं. २००४ साली कोकरांच्या पायाच्या हाडात संवेदक बसवून पाहिलं, तर हाडाची किमान ९० टक्के वाढ कोकरू आडवं असताना झाली होती. पावडरीचं म्हणाल तर, जेवणात डाळ, दूध, अंडी, भाजी असणाऱ्या मुलाच्या पट्टीला तिचा वेगळा काही उपयोग नाही. आणि झोपलेल्या मुलाला ओलांडल्याची खबर पट्टीपर्यंत पोचवणारं कुठलंच प्रथिन नाही. आजींना मी हे हेजहॉगसकट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग चिंता कधी करायची? बाळ पहिल्या वर्षी साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास, आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. या काळात वर्षाची वाढ चारच्या आत आली तर बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं, मूल रांगेत शेवटचं उभं असलं तरी. उंची थांबली पण वजन वाढतंय, तर थायरॉइडसारख्या संप्रेरकांचा संशय घ्यावा लागतो. वजन आधी घटलं आणि मग उंची अडली, तर आहार, आतडी, जुना संसर्ग. मुलींबद्दल जास्त कळकळीने सांगते. टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा जन्मजात दोष सुमारे अडीच हजारांत एका मुलीला असतो आणि कित्येकदा त्याची पहिली खूण फक्त बुटकेपणा असते. "मुलगी आहे, जरा बुटकी असली तर काय बिघडलं" असं म्हणत आपण उपचाराची वर्षं घालवतो, कारण औषध काम करतं ते पट्टी उघडी असेपर्यंतच.

वेग ठीक असेल तर आईबापांकडे बघावं. दोघांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर अधिक १३, मुलगी असेल तर वजा १३, आणि भागिले दोन. दादा १६३, वहिनी १५०. भाच्याचं उत्तर १६३, इकडेतिकडे आठेक सेंटिमीटर. तो त्याच वाटेवर आहे.

ज्यांची चिंता खरोखर करायला हवी ती मुलं मात्र अशा फोनांमध्ये नसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. ते आनुवंशिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दिल्लीसह सहा देशांतल्या शहरांत, पोटभर खाणारी, आईचं दूध मिळालेली, स्वच्छ घरातली मुलं मोजली तेव्हा ती लहानपणी जवळजवळ सारखीच वाढत होती. पहिल्या दोन वर्षांतली उपासमार आणि पुन्हा पुन्हा होणारे जुलाब यांमुळे या चळती मंदावतात. म्हणून अंगणवाडीताई मोजायला बोलावते तेव्हा बाळाला न्यायचं.

घरी मोजायचं तर चप्पल-मोजे काढून, अंबाडा-वेणी सोडून, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेला रेघ मारायची. वेळ दर वेळी तीच, सकाळ तर सकाळ. फ्रान्समधल्या माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ अशी १८ वर्षं दर सहा महिन्यांच्या आसपास स्वतःच्या मुलाची उंची टिपली, आणि वाढीचा तो आलेख आजही शिकवला जातो. दादाला मी सांगितलंय, वाढदिवसाची वाट बघू नकोस, गुढीपाडव्याला एक रेघ आणि दसऱ्याला एक. तिथी दर वर्षी मागेपुढे होते, मध्ये अधिक महिनाही येतो, म्हणून रेघेशेजारी इंग्रजी तारीख लिहायची.