दिवा किती उंच टांगायचा?

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर त्याची खाऱ्या पाण्याची टाकी दाखवली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. खडकाच्या माथ्यावर बसवलेलं फांद्यांचं प्रवाळ टोकांकडून पांढरंफटक पडत चाललं होतं. त्याच खडकाच्या पायथ्याची प्रवाळं आणली तेव्हा हिरवी-जांभळी होती, ती आता कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली होती.

"वरच्याला उजेड सोसत नाहीये आणि खालच्याला पुरत नाहीये. आता दिवा वाढवू की कमी करू?"

"दादा, दिवा पाण्यापासून किती उंचीवर आहे?"

"असेल वीतभर. जुन्या ट्यूबलाइट्स होत्या त्याच हुकांना नवे एलईडी अडकवलेत."

गोम तिथेच होती.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि भाडं साखरेच्या रूपात देतं. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा या शैवालाकडून येतो. उजेड कमी पडला की प्रवाळ शैवालाची आणि त्याच्या रंगद्रव्याची गर्दी वाढवतं, म्हणून ते तपकिरी दिसतं. उजेड अति झाला की शैवालाची यंत्रणा तापते, पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची संयुगं साचू लागतात आणि प्रवाळ भाडेकरूला बाहेर काढतं. मग आरपार दिसतो तो आतला चुन्याचा पांढरा सांगाडा. दादाच्या टाकीत एकाच दिव्याखाली दोन्ही चाललं होतं.

आता थोडा हिशेब. एलईडीच्या भिंगातून उजेड समजा १२० अंशांत फाकतो. दिवा पाण्यावर २० सेंटीमीटर असेल तर पृष्ठभागावर साधारण ६९ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ उजळतं. तोच दिवा ३० वर नेला की वर्तुळ १०४ सेंटीमीटरचं होतं. तेवढाच उजेड सव्वादोनपट जागेवर पसरतो, म्हणजे पृष्ठभागाजवळचा झोत निम्म्याहून खाली येतो. तळाशी काय होतं? तळ आधीच लांब आहे, त्याला दहा सेंटीमीटरने फारसा फरक पडत नाही. पाण्यात शिरताना किरण आत वळतात, त्यामुळे फाकण्याच्या दृष्टीने ६० सेंटीमीटर पाणी ४५ सेंटीमीटर हवेइतकंच भरतं. म्हणजे २० अधिक ४५ चे ३० अधिक ४५ झाले. तळाचा उजेड जेमतेम पाव हिश्श्याने घटतो. दिवा वर नेल्याने माथ्याला सावली मिळते आणि तळाचं फार जात नाही. मग दिव्याचा जोर थोडा वाढवून तळाची भरपाई करता येते.

प्रत्यक्षात तळाचं नुकसान याहूनही कमी होतं, ते काचेमुळे. हा भाग मला सगळ्यात आवडतो. हवेतून ६० अंश तिरपा आलेला किरण पाण्यात शिरला की साडेचाळीस अंशांवर येतो. तो बाजूच्या उभ्या काचेवर आपटतो तेव्हा इतका घासून आपटतो की त्याला बाहेर पडताच येत नाही, आरशावरून यावा तसा सगळाच्या सगळा परत फिरतो. म्हणजे १२० अंशांच्या दिव्याचा जो उजेड एकदा पाण्यात शिरला, तो स्वच्छ काचेतून थेट निसटत नाही. बाजूने आपल्याला टाकी उजळलेली दिसते ती वाळूवरून, माशांवरून विखुरलेल्या उजेडामुळे. काचेला आतून शैवालाचा थर चढला की हा आरसा आंधळा होतो. टाकीच्या काचा घासणं हे नुसतं दिखाव्याचं काम नाही ते यासाठी.

हे सगळं डोळ्यांवर सोडून चालत नाही. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला भुलतो, निळा त्याला मंद वाटतो. शैवाल मात्र निळ्यावर पोट भरतं. म्हणून या छंदातली माणसं पारमीटर वापरतात. तो ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे शैवालाच्या उपयोगाचे, प्रकाशकण मोजतो. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. घरच्या टाकीत मऊ प्रवाळांना १०० च्या आगेमागे पुरतो, फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५०. मोबाइलवरची लक्स मोजणारी ॲप डोळ्याचीच नक्कल करतात, निळ्या दिव्याखाली त्यांचं ऐकू नये.

निळ्याचं कारण समुद्रात आहे. लाल उजेड पाणी भराभर गिळतं. दोन फुटांच्या टाकीत त्याचा पाचवा-सहावा हिस्सा जातो, पण वीस मीटर खाली जवळजवळ काहीच उरत नाही. कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर अरबी समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा साधारण वीस मीटर खोल आहे आणि त्यावर प्रवाळं आहेत. त्यांच्यापर्यंत पोचतो तो निळाच. (आपल्या समुद्रातली प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून उचलून आणायचा विचार कुणी मनातही आणू नये.)

जुन्या ट्यूबलाइट्सना यातला बराचसा त्रास नव्हता. लांबलचक नळी सगळीकडून उजेड टाकते, त्यामुळे सावली बोथट पडते. एलईडी हा ठिपका. त्याच्या उजेडाने वाळूवर जाळ्या नाचतात, उन्हात विहिरीच्या तळाशी दिसतात तशा, आणि त्या बघत बसावंसं वाटतं हे कबूल. पण ठिपक्याची सावली धारदार असते. वरचं प्रवाळ वाढून छत्री झालं की खालच्या फांद्या मरतात. दिवा फार जवळ असेल तर लाल, निळे, पांढरे एलईडी नीट मिसळतही नाहीत, तळावर जत्रेतल्यासारखे रंगीत ठिपके पडतात. थोडी उंची आणि एकाऐवजी दोन दिवे, एकमेकांपासून दूर, याने दोन्ही दुखणी आटोक्यात येतात. समुद्रात ऊन दिवसभर सरकत असतं, टाकीतला सूर्य जागचा हलत नाही.

जवळच्या दिव्यावर पाणीही उडतं. बुडबुडे फुटतात, थेंब वाळतात आणि भिंगावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. दादाने बोट फिरवून दाखवलं, चाटून बघायचं तेवढं राहिलं. त्याचा उपाय म्हणून कुणी टाकीवर काच झाकतं, पण काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परतवतो, दोन्ही मिळून आठ. शिवाय ती काचही पुसावीच लागते.

त्याने दिवे ३० सेंटीमीटरवर नेले आणि लगेच जोर वाढवायला निघाला. तिथे मात्र मी त्याला थांबवलं. शैवालाला नव्या उजेडाशी जमवून घ्यायला आठवडे लागतात. तपकिरी झालेलं प्रवाळ तर अंधाराची तयारी करून बसलेलं असतं, त्याच्यावर एकदम झोत आला तर तेही पांढरं पडेल. आठवड्याला थोडा थोडा जोर, बास.

दोन महिन्यांनी पायथ्याच्या एका प्रवाळाच्या कडेला हिरवी रेघ दिसली. माथ्यावरची मेलेली टोकं काही परत आली नाहीत, पण पांढरेपणा खाली उतरायचा थांबला. वहिनी मात्र वैतागलेली आहे. रुंदीला टाकी ६० ची आणि उजेडाचं वर्तुळ १०४ चं, उरलेला सगळा दिवाणखान्यात सांडतो आणि सोफ्यावर बसलं की नेमका डोळ्यांत येतो. सध्या दिव्याच्या त्या बाजूला पुठ्ठा चिकटवलेला आहे.