पार्श्वभूमी : ‘ऐच्छिक’ ॲप आणि कंपनीच्या गेटवरचा हिरवा रंग

२०२७ च्या सिंहस्थात गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी डिजिटल साधनांची तयारी सुरू आहे. त्यामुळे कोरोनाकाळातल्या ॲपबद्दल नाशिककरांना काय वाटत होते, हे पुन्हा पाहणे गरजेचे झाले आहे.

साथीत घरात शिरणाऱ्या तपासनीसाची धास्ती १८९७ च्या प्लेगपासूनची. मार्च २०२० मध्ये तिने नवे रूप घेतले : होम क्वारंटाइन असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का बसू लागला. शिक्का शेजाऱ्यांना दिसे, ॲप दिसत नसे. त्यामुळे सुरुवातीला ॲपचे स्वागतच झाले. राज्याचे ‘महाकवच’ तर नाशिकमध्येच घडले आणि आधी इथेच वापरले गेले. विलगीकरणातल्या माणसाने सेल्फी काढून आपण घरीच असल्याचे कळवायचे, अशी त्यात सोय होती.

केंद्राचे ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी आले. कोण कोणाच्या जवळ आले, हे नोंदवण्यासाठी ब्लूटूथ आणि जीपीएस ही दोन्ही ते वापरत असे. तेव्हा ते ऐच्छिक होते.

सगळा घोळ याच शब्दाचा आहे. केंद्राच्या १ मेच्या आदेशाने सरकारी आणि खासगी, सर्व कर्मचाऱ्यांना ॲप सक्तीचे केले आणि शंभर टक्के अंमलबजावणीची जबाबदारी आस्थापनेच्या प्रमुखावर टाकली. १७ मेच्या आदेशात ही भाषा मवाळ झाली. मालकांनी ‘शक्य तेवढा प्रयत्न’ करावा, एवढेच उरले. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या गेटवर उभ्या कामगाराला या दोन वाक्यांतला फरक कोण समजावणार? सिक्युरिटीवाला मोबाइलचा स्क्रीन बघायचा, ॲपमध्ये ‘धोका नाही’ सांगणारा हिरवा रंग दिसला की आत सोडायचा. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट हजेरीची अट झाली. रोजंदारीवरच्या माणसाने दिलेल्या अशा होकाराला संमती म्हणणे मला पटत नाही. त्याचा परिणामही उलटाच होत होता. गेट ओलांडले की बॅटरी वाचवायला ब्लूटूथ बंद करणाऱ्याची पुढची नोंद होणार कशी? साध्या फोनवाल्यांसाठी मे महिन्यात १९२१ हा क्रमांक सुरू झाला, पण मिस्ड कॉलवर तब्येतीची चौकशी होते, कोण कोणाजवळ उभे होते ते समजत नाही.

मालेगावचे दुखणे निराळे. नागरिकत्व कायद्याचा वाद ताजा असताना नाव-पत्ता विचारणारा प्रत्येक जण संशयात सापडला. तिथे ओळखीच्या माणसांनी दारात जाऊन बोलल्यावरच गाठी सुटत गेल्या. सप्टेंबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा भारही आशाताईंच्या पायपिटीवरच होता.

‘आरोग्य सेतू’ने जमवलेल्या माहितीच्या वापराचे नियम आले ते ११ मेला, म्हणजे सक्तीच्या आदेशानंतर दहा दिवसांनी. त्यात माहिती ठेवण्याची मुदत साधारण १८० दिवस होती. अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, २६ मेला सर्वांसाठी खुला झाला. हा क्रम उलटा असता, तर निदान शिकलेल्या वर्गाची कुरकुर पुष्कळ कमी झाली असती. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या कर्नाटकात उच्च न्यायालयाने वापरकर्त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही माहिती इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली. तोवर इथल्या गेटवर स्क्रीन बघणे जवळपास थांबले होते.

पुढे तेच ॲप लसीच्या नोंदणीसाठी आणि नंतर ‘आभा’साठी, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्यनोंदींच्या खाते क्रमांकासाठी, वापरात आले. संपर्क शोधण्याची सोय बंद केली असून त्यातून जमलेली माहिती पुसली आहे, असे फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले.