बोधनक्षमता व जनुकीय भिन्नता : महाविद्यालयीन विद्यार्थी

स्मृती, अवधान, तर्क इ. बोधनक्षमतांमधील व्यक्तिभेदांचा जनुकीय भेदांशी असलेला संबंध हा वर्तन-आनुवंशिकीचा विषय आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी हा त्यातील सोयीचा, परंतु काहीसा फसवा नमुना होय. हे विद्यार्थी संशोधकांना सहज उपलब्ध असतात व वयानेही एकमेकांच्या जवळ असतात. मात्र प्रवेशाच्या वेळीच त्यांची निवड झालेली असल्याने त्यांच्या गुणांचा पल्ला सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा आखूड असतो आणि त्यामुळे आढळणारे सहसंबंध बहुधा दुबळे दिसतात.

या अभ्यासाचा पाया असलेल्या जुळ्यांच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८७५ मधील लेखाला दिले जाते. तथापि एकबीज (जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकरूप) व द्विबीज (सामान्य भावंडांइतकेच साम्य असलेल्या) जुळ्यांमधील साम्याची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा काढण्याची कल्पना त्या लेखात स्पष्टपणे आढळत नाही. ती १९२४ मध्ये कर्टिस मेरिमन यांनी बुद्धिमापनाच्या आणि हेर्मान झीमेन्स यांनी त्वचाविकारांच्या संदर्भात स्वतंत्रपणे मांडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चार देशांतील सुमारे ११,००० जुळ्या जोड्यांवर आधारलेल्या २०१० च्या अभ्यासात सामान्य बोधनक्षमतेतील भेदांपैकी आनुवंशिक वाटा वयाच्या नवव्या वर्षी सु. ४१%, बाराव्या वर्षी ५५% व सतराव्या वर्षी ६६% आढळला. ही टक्केवारी विशिष्ट समूहातील भेदांविषयी असून तिच्यावरून एखाद्या विद्यार्थ्याविषयी काही ठरवता येत नाही.

विशिष्ट जनुकांच्या शोधात सर्वाधिक चर्चा गुणसूत्र क्र. २२ वरील सीओएमटी (कॅटेकॉल-ओ-मिथिलट्रान्सफरेज) या जनुकाची झाली. याचे एंझाइम डोपामीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन करते. मेंदूच्या ललाटखंडाच्या अग्रभागात डोपामीन परत शोषून घेणारी वाहक प्रथिने विरळ असल्याने तेथे या एंझाइमाचे महत्त्व वाढते. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतील १५८ व्या स्थानी व्हॅलीन या आम्लाऐवजी मिथिओनीन आल्यास ते उष्णतेला कमी टिकते, त्याची क्रियाशीलता घटते व डोपामीन अधिक काळ उपलब्ध राहते. यामुळे कार्यस्मृती (माहिती तात्पुरती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) सुधारते, असे अनुमान होते. २००१ मध्ये मायकेल ईगन व सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन पत्तेवर्गीकरण चाचणीतील (बदलत्या नियमांनुसार पत्ते लावण्याच्या चाचणीतील) भेदांपैकी सु. ४% भेदांची संगती या जनुकाशी लावली. पुढे अनेक छोट्या नमुन्यांतून, त्यांत विद्यार्थ्यांचेही आले, अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही निष्कर्ष निघाले. परंतु २००८ च्या एकत्रित विश्लेषणात परिणाम जवळजवळ नगण्य ठरला. २०१२ मध्ये क्रिस्टोफर शाब्री व सहकाऱ्यांनी बुद्धीशी जोडलेल्या १२ जनुकीय बदलांची तीन मोठ्या नमुन्यांत फेरतपासणी केली, तेव्हा एकच बदल जेमतेम टिकला. एकेका जनुकावर भर देणारी ही परंपरा त्यानंतर ओसरली, आणि ते योग्यच झाले.

त्याऐवजी संपूर्ण जनुकसंचाची पाहणी रूढ झाली. सु. ११ लाख व्यक्तींच्या २०१८ मधील पाहणीत शिक्षणकालाशी निगडित १,२७१ बदल नोंदले गेले. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे; या पाहणीवरून काढलेल्या बहुजनुकीय गुणांकाने (अनेक बदलांच्या परिणामांच्या एकत्रित बेरजेने) शिक्षणकालातील भेदांपैकी ११–१३% व बोधनचाचण्यांतील ७–१०% भेद स्पष्ट होतात. यातील काही भाग अप्रत्यक्ष असावा. त्याच वर्षी आइसलँडमधील अभ्यासात आईवडिलांकडून अपत्याकडे न आलेल्या जनुकरूपांचाही (जनुकांच्या पर्यायी रूपांचाही) अपत्याच्या शिक्षणाशी संबंध दिसला, म्हणजे पालकांची जनुके घरातील वातावरणाद्वारेही परिणाम करतात. हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या नमुन्यांवरून बेतलेले असून इतर वंशसमूहांत त्यांची अचूकता बरीच घटते.