थरारक राइड्सच्या सुरक्षिततेचा वाद

मनोरंजन उद्यानांतील अतितीव्र राइड्स शरीराला कितपत सोसतात आणि त्यांची तपासणी कोणी करावी, याविषयीचा वाद. तीव्रता 'जी' या एककात मोजतात. २ जी असताना वजन दुप्पट भासते. वादात हाच आकडा पुढे केला जातो, पण तो एकटा पुरेसा नाही. जोर किती वेळ टिकला, किती झपाट्याने वाढला आणि मानेची स्थिती कशी होती, यांवर इजा ठरते.

फ्लोरिडातील एपकॉट उद्यानात २००३ मध्ये सुरू झालेली 'मिशन: स्पेस' हे याचे ठळक उदाहरण. अंतराळ उड्डाणाचा आभास देणाऱ्या या राइडमध्ये मोठ्या फिरत्या यंत्राच्या भुजांना चार-चार आसनांच्या कुप्या जोडलेल्या आहेत. जोर साधारण २ ते २.५ जी, म्हणजे अनेक रोलर कोस्टरपेक्षा कमी. मात्र तिथे तो क्षणभर येतो, इथे बराच वेळ टिकतो. फिरत असताना मान वळवली की कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिका गोंधळतात आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच डोके मागे टेकवा, नजर समोर ठेवा, डोळे मिटू नका, अशी सूचना असते. उलटीच्या पिशव्याही ठेवाव्या लागल्या. २००५ मध्ये चार वर्षांचा मुलगा आणि २००६ मध्ये एक जर्मन महिला या राइडनंतर दगावली. मुलाला हृदयविकार होता, महिलेला जुना उच्च रक्तदाब. यंत्रात दोष सापडला नाही. तरी २००६ मध्येच न फिरणारा सौम्य पर्याय सुरू झाला. आजार ठाऊकच नसेल, तर प्रवेशद्वारावरच्या इशाऱ्याचा उपयोग काय, हा आक्षेप त्याने मिटत नाही.

जपानच्या फुजी-क्यू हायलँड उद्यानातील 'दो-दोदोन्पा' या रोलर कोस्टरची गोष्ट वेगळी. दाबलेल्या हवेच्या जोरावर ती १.५६ सेकंदांत ताशी १८० किलोमीटर वेग गाठे. म्हणजे सरासरी सुमारे ३.३ जी, तेही पुढच्या दिशेने. सुटताना पाठ आणि आसन यांत फट राहिली, तर धड आणि डोके मागे आदळण्याचा धोका. मान व पाठीची हाडे मोडल्याच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये ती थांबवली गेली आणि २०२४ मध्ये कायमची बंद झाली.

देखरेखीचा प्रश्न अमेरिकेत अधिक चिघळला. १९८१ पासून तेथील संघीय ग्राहक सुरक्षा आयोगाचा अधिकार जत्रेतल्या फिरत्या राइड्सपुरताच उरला. कायमच्या उद्यानांतील राइड्स राज्यांकडे गेल्या. ही पळवाट बुजवण्यासाठी खासदार एड मार्की यांनी संसदेत वारंवार विधेयके आणली, ती मंजूर झाली नाहीत. फ्लोरिडात हजारांहून अधिक कर्मचारी आणि स्वतःचे पूर्णवेळ तपासनीस असलेली उद्याने राज्याच्या तपासणीतून वगळलेली आहेत. ती तिमाही अहवालात गंभीर दुखापती कळवतात, पण त्यात मोजल्या जातात त्या किमान २४ तास रुग्णालयात ठेवावे लागलेल्याच. मान आखडून घरी परतलेला प्रवासी त्यात येत नाही.