बहिष्काराची मागणी कोण लिहितं?

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर काही दिवसांनी एक यादी फिरते. या कंपनीचं शीतपेय पिऊ नका, त्या कंपनीचे कपडे घेऊ नका. कारण कधी युद्धाचं असतं, कधी बालमजुरीचं, तर कधी निव्वळ अफवेचं. पण मागणी नेमकी काय, ती कुणी केली आणि कंपनीने काय केलं म्हणजे बहिष्कार उठेल, हे त्या यादीत बहुधा नसतं. आजवरचे बहिष्कार तरले किंवा बुडाले ते बरेचसे याच तीन गोष्टींवर.

सुरुवात साखरेपासून करावी लागते. १७९१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करायला नकार दिला. बायकांना मताचा हक्क नव्हता, पण घरात काय येणार हे त्यांच्या हातात होतं. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांनी पिकवलेली साखर त्यांनी बंद केली. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख माणसं यात उतरली आणि दुकानदार ‘गुलामांनी न पिकवलेली’ अशी जाहिरात करून हिंदुस्थानची साखर विकू लागले. व्यापारबंदीचा कायदा व्हायला तरी १८०७ साल उजाडलं.

आपल्याकडे वंगभंगाविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्यात विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला, टिळकांनी तो चतुःसूत्रीत घेतला, पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. शाळेच्या पुस्तकातला हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकने मात्र बहिष्काराची दुसरी बाजूही पाहिली आहे आणि ती विसरता कामा नये. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला. त्याचा सूड म्हणून आसपासच्या अनेक गावांत अस्पृश्यांना बाजारात जिन्नस मिळेनासे झाले, रस्ते बंद झाले, मुलांच्या शाळा बंद झाल्या. हाही बहिष्कारच, फक्त तो सत्ता असलेल्यांनी पोट हातावर असलेल्यांवर टाकलेला. जातपंचायतींच्या अशाच बहिष्कारांविरुद्ध २०१३ मध्ये नाशिकमधून मोहीम उभी राहिली आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यामुळे ‘बहिष्कार टाका’ असं कुणी म्हटलं की कोण कुणावर टाकतंय, हे इथल्या माणसाने आधी विचारावं.

द्राक्षांच्या या जिल्ह्याला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट घडली ती कॅलिफोर्नियात. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानो गावाच्या परिसरात लॅरी इटलियाँग यांच्या संघटनेतल्या फिलिपिनो मजुरांनी द्राक्षांची तोडणी थांबवली. आठवडाभरात सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. मालक दुसरे मजूर आणत आणि संप फुटे. अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेचं संरक्षणच दिलं नव्हतं. पण त्याच कायद्यातून वगळल्यामुळे, माल विकणाऱ्या दुकानांवर बहिष्काराची हाक द्यायला इतर कामगारांना जी बंदी होती, ती शेतमजुरांना लागू नव्हती. संघटनेने ही फट बरोबर हेरली. मजूर कुटुंबं शहरोशहरी गेली आणि दुकानांसमोर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलू लागली.

एका बड्या मालकावर बहिष्कार जाहीर झाला, तर त्याने दुसऱ्या बागाईतदारांची लेबलं लावून पेट्या बाजारात पाठवल्या. गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? मग १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सगळ्याच खाण्याच्या द्राक्षांवर बहिष्कार पुकारला गेला. २९ जुलै १९७० ला डेलानोच्या मालकांनी करारावर सह्या केल्या. मजुरी वाढली आणि फवारणीच्या विषापासून संरक्षणाची कलमं आली. संघटनेचं चिन्ह असलेला काळा गरुड पेटीवर छापून आला की ती द्राक्षं घ्यायला हरकत नाही, हे गिऱ्हाइकाला कळत होतं. इथे मजुरांनीच हाक दिली होती, मागणी लेखी होती आणि बहिष्कार कधी उठणार हेही ठरलेलं होतं. करार संपल्यावर १९७३ मध्ये बहुतेक मालकांनी दुसऱ्या युनियनशी सोयीचे करार केले, हेही त्याच इतिहासात आहे.

वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यात भारत १९४६ मध्येच पुढे होता. ब्रिटनमध्ये लोकांची मोहीम १९५९ मध्ये सुरू झाली, विद्यार्थ्यांनी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या बार्कलेज बँकेतली खाती बंद केली आणि १९८६ मध्ये ती बँक त्या देशातून बाहेर पडली. नेस्लेवरचा बहिष्कार १९७७ चा. गरीब देशांत बाळांच्या पावडरच्या दुधाची जाहिरात चाले, आया ते अस्वच्छ पाण्यात, पुरवून पुरवून पातळ करून पाजत आणि बाळं आजारी पडत. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विक्रीसाठी आचारसंहिता केली, भारतात १९९२ मध्ये कायदा झाला.

बांगलादेशची गोष्ट मात्र प्रत्येक यादी पुढे ढकलण्याआधी वाचावी अशी आहे. बालमजुरांनी बनवलेला माल रोखण्याचं विधेयक नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकी संसदेत आलं. ते मंजूरही झालं नव्हतं, पण नुसत्या धास्तीने तिथल्या कपडे कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली अनेक शाळेत गेली नाहीत. ती दगड फोडायला, रस्त्यावर, काही वेश्याव्यवसायातही गेल्याचं युनिसेफने नोंदवलं. या मुलांसाठी शाळा आणि विद्यावेतनाचा करार १९९५ मध्ये झाला, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर. त्या मुलांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दूरवरचा खरेदीदार काय करू शकतो, हे नाशिकच्या बागाईतदाराला २०१० मध्ये कळलं. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाटचा, म्हणजे लिहोसिनचा, अंश सापडल्याने युरोपात माल नाकारला गेला आणि अनेकांचं कंबरडं मोडलं. आता कंटेनर निघण्याआधी घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पण पेठ, सुरगाणा, हरसूलकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत आलेल्या बाईला विरळणीची किती मजुरी मिळाली, मुकादमाने उचलीपोटी किती कापली, फवारणीनंतर किती वेळाने तिला बागेत पाठवलं, हे त्या नमुन्यात दिसत नाही. युरोपातले काही खरेदीदार कामगारांच्या स्थितीचीही वेगळी तपासणी मागतात. उद्या तिकडे कुणी यावरून बहिष्काराची हाक दिली, तर पहिला फटका हंगामभर त्याच कामावर पोट असलेल्या या बाईला बसेल. म्हणून मागण्यांचा कागद तिच्या टोळीसोबत बसूनच लिहायला हवा. याच पट्ट्यातले आदिवासी शेतकरी मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या मागण्या घेऊन नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले आणि १२ तारखेला सरकारकडून लेखी आश्वासन घेऊनच माघारी आले. मागणी कशी मांडायची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.