घरी रेडिओ नीट ऐकायचा तर एफएम, डिजिटल, डिश की नेट: या वादाची पार्श्वभूमी

मिडियम वेव्हचं पटकन उरकतो. 9-10 किलोहर्ट्झच्या अंतरावर स्टेशनं कोंबलेली, त्यात घरातले चार्जर आणि एलईडी दिवे, त्यामुळे बातम्या ऐकायला ठीक, गाण्यासाठी नाही. खरं भांडण एफएमपासून सुरू होतं. तंत्र 1930 च्या दशकातलं. 1945 साली अमेरिकेत एफएमचा पट्टाच उचलून 88 ते 108 मेगाहर्ट्झवर नेला आणि लोकांनी हौसेने घेतलेले सेट मोडीत निघाले. हा प्रकार पुढे परत परत होणार आहे, लक्षात असू द्या.

1961 मध्ये तिथेच स्टिरिओची पद्धत ठरली, तीच थोड्याफार फरकाने जगभर गेली. तिची गोम अशी की मोनोच्या मानाने स्टिरिओत खरखर जवळजवळ 20 डेसिबलने वाढते, म्हणून मोनोत स्वच्छ वाजणारं स्टेशन स्टिरिओ लावलं की सूं सूं करायला लागतं. 'एफएमला खरखर येते' म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या सेटमागे एक वायर नुसती लोंबकळत असते. छतावर नीट दिशा लावलेला अँटेना घातला तर तोच सेट ओळखू येत नाही. आणि एक गंमत, एफएम म्हणजे शुद्ध अॅनालॉग असं छाती ठोकून सांगणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतचा आवाज 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच डिजिटल, 13 बिटचा जायला लागला होता. ऐकताना कुणाची तक्रार नव्हती!

म्हणजे 'डिजिटल' हा शब्दच घोळाचा आहे. त्याचे दोन अर्थ लोक एकत्र करतात. खरखर नसणं वेगळं आणि मूळ आवाज जसाच्या तसा येणं वेगळं. डॅबच्या (हवेतून येणाऱ्या डिजिटल रेडिओच्या) वेळी नेमका हाच गोंधळ विकला गेला. युरोपात 1987 ला प्रकल्प सुरू झाला, मुख्य डोकेदुखी होती चालत्या गाडीत एफएम फडफडतं ती, आणि ती डॅबवाल्यांनी खरंच सोडवली, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. 1995 ला ब्रिटनमध्ये प्रक्षेपण सुरू झालं, 'सीडीसारखा आवाज' अशी जाहिरात झाली. पण आवाजाचा डेटा दाबून कमी जागेत बसवायची पद्धत एमपी2, म्हणजे एमपी3 च्या आधीची. एका मल्टिप्लेक्सला, म्हणजे अनेक स्टेशनं एकत्र नेणाऱ्या एका डिजिटल वाहिनीला, सेकंदाला सुमारे 1152 किलोबिट मिळतात. 192 ने वाटले तर सहा स्टेशनं, 128 ने वाटले तर नऊ. आता एमपी2 ला स्टिरिओ संगीत धड सांभाळायला 192 सुद्धा कमीच, पण स्टेशनं जास्त तर श्रोते जास्त असा हिशोब झाला आणि बरीचशी स्टेशनं 128 वर आणून ठेवली, काही तर मोनोच केली. टाळ्यांचा आवाज ऐका, झांजा ऐका, लगेच कळतं. वर सिग्नल कमी पडला की खरखर नाही, पाण्यात बुडाल्यासारखं गुडगुड.

2007 च्या सुमारास डॅब प्लस आलं, त्याचा कोडेक (डेटा दाबायची पद्धत) कितीतरी चांगला, पण जुने सेट ते वाजवू शकत नव्हते. ब्रिटनमध्ये तोवर इतके सेट खपले होते की एमपी2 सोडवेना. म्हणजे जे आधी घाईने पुढे गेले तेच अडकले. उशिरा आलेल्यांनी थेट डॅब प्लस घेतलं, नॉर्वेने तर 2017 मध्ये देशपातळीवरच्या स्टेशनांचं एफएम बंदही केलं. बरं, नव्या कोडेकमुळे वाचलेली जागा दर्जासाठी वापरली का? बहुतेक ठिकाणी अजून स्टेशनं घातली.

डिशवाले मात्र इथे जिंकतात असं माझं मत. जर्मनीत 1989 पासून उपग्रहावर 16 स्टेशनं अशी यायची की एमपी2 सारखी कापाकापीच नाही, आवाज सीडीच्या अगदी जवळ. दहा वर्षांनी ते बंद झालं आणि महागडे ट्यूनर पुन्हा भंगारात. पुढे साध्या सेट-टॉप बॉक्समधून जो रेडिओ मिळायचा तोसुद्धा अनेकदा डॅबपेक्षा जास्त बिटरेटचा असायचा, फक्त त्यासाठी टीव्ही चालू ठेवायचा कंटाळा.

नेटवर 320 किलोबिटचं एएसी (एमपी3 नंतरची दाबायची पद्धत) मिळालं की आवाजाबद्दल बोलायला जागा उरत नाही, ते आता कानाला सगळ्यात बरं. वेळेचे ठोके मात्र अर्धा-अर्धा मिनिट उशिरा पडतात, आणि नेट रेडिओचे डबे स्टेशनांच्या यादीसाठी कुणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून, तो सर्व्हर बंद झाला की डबा शोभेचा. 1970 च्या दशकातला एफएम ट्यूनर, जिथे एफएम चालू आहे तिथे, अजून वाजतोय.